मंडळाचे नादुरुस्त संगणक: दुरुस्ती, विक्री की पुनर्चक्रण?

प्रेषक: कार्यवाह, इंदूर

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

वाचनालयामागील खोलीत संगणक वर्गाचे जुने संगणक, जाड काचेच्या नळीचे मॉनिटर, यूपीएस आणि सुटे भाग पडून आहेत. गणेशोत्सवाच्या तालमींसाठी ही खोली रिकामी करावयाची आहे. अटालेवाल्याने (भंगारवाल्याने) सर्व सामान वजनावर एकरकमी उचलण्याची तयारी दर्शविली आहे. तसेच परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या एका सभासदांनी नव्या संगणकांसाठी देणगी देऊ केली आहे. कार्यकारिणीच्या बैठकीपूर्वी जाणकारांनी आपले मत कळवावे, ही विनंती.

प्रेषक: संगणक वर्गाचे शिक्षक

आदरणीय ताई, सा. न. वि. वि.

सर्व सामान एका वजनात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या ढिगात तीन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तू आहेत आणि तपासल्याशिवाय त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. ‘बंद’ म्हणून बाजूला ठेवलेल्या संगणकांपैकी काहींचा दोष अगदी किरकोळ असतो. पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच येत नाही, अशा वेळी बहुधा रॅमची (तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी सैल झालेली किंवा तिचे सोनेरी दात काळवंडलेले असतात. पट्टी काढून दात खोडरबराने हलके पुसले आणि ती पुन्हा नीट बसविली, की पुष्कळदा संगणक सुरू होतो. तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील (मुख्य सर्किट बोर्डावरील) सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल बदलणे पुरते. संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर आधी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरविणारा डबा) मल्टिमीटरने, म्हणजे विजेचा दाब मोजणाऱ्या यंत्राने, तपासावा. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ या मर्यादेबाहेरचा दाब आढळल्यास दोष तेथेच आहे आणि मदरबोर्डला मृत ठरविण्याची घाई करू नये. मदरबोर्डवरील कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, तर तेवढे कपॅसिटर बदलून देणारे कारागीर आपल्याकडे जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केल्यास मिळतील.

मात्र दुरुस्त होते म्हणून प्रत्येक वस्तू दुरुस्त करावी, असे मी म्हणणार नाही. आपले बहुतेक संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचे आहेत. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, त्यामुळे मंडळाचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार या यंत्रांवर करणे मला योग्य वाटत नाही. मुलांच्या मराठी टंकलेखनासाठी मात्र ती उत्तम चालतील. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घातली, तर मराठीसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो आणि यंत्राचा वेग एवढा वाढतो की मुलांना ते जुने वाटत नाही. देणगीदारांना माझी विनंती अशी, की त्यांनी एक नवा संगणक केवळ हिशेबासाठी द्यावा आणि उरलेल्या रकमेतून एसएसडी घ्याव्यात.

विक्रीस योग्य असे थोडेच आहे: चालू स्थितीतील सपाट मॉनिटर आणि रॅमच्या पट्ट्या. डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही, म्हणून पट्ट्यांवर प्रकार लिहून मगच त्या विकाव्यात, म्हणजे घेणाऱ्याची फसगत होणार नाही. यूपीएसची शिशाची बॅटरी नवी बॅटरी घेताना दुकानदारालाच परत द्यावी. त्यात थोडी सूटही मिळते.

आता अटालेवाल्याविषयी. तो प्रामाणिक आहे, यात मला शंका नाही. पण त्याच्याकडून माल पुढे कोठे जातो, हे त्याच्याही हाती नसते. मुरादाबादेत रामगंगेच्या काठी सर्किट बोर्ड जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले जातात. त्याचा धूर घेणाऱ्यांत मुलेही असतात. नळीच्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. ती काच फोडून तांब्याची गुंडाळी काढून घेतली, की शिसेयुक्त तुकडे मातीत जातात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत मोठ्या ग्राहकांवर नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रक यांच्याकडेच माल देण्याचे बंधन आहे. मोठा ग्राहक म्हणजे किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था, त्यामुळे आपल्यावर ती सक्ती नाही. परंतु ज्या शहरात घरोघरी कचऱ्याचे सहा भाग केले जातात आणि त्यांत ई-कचऱ्याचा वेगळा डबा असतो, तेथील मंडळाने कायद्याची वाट पाहू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्चक्रकांची नावे मिळतात. उचलल्याची लेखी पावती घ्यावी.

प्रेषक: कोषाध्यक्ष

आपले म्हणणे पटले. हार्ड डिस्क फॉरमॅट करून विकल्यास चार पैसे मिळतील, असे मला वाटते. त्यास काही हरकत आहे काय?

प्रेषक: संगणक वर्गाचे शिक्षक

काका, नमस्कार. हार्ड डिस्क मात्र विकू नयेत, असा माझा आग्रह आहे. झटपट फॉरमॅटने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते. मूळ मजकूर त्याच जागी राहतो आणि साध्या प्रोग्रामनेही परत वाचता येतो. त्या डिस्कवर सभासदांच्या आधार कार्डांच्या प्रती, वधूवर सूचक विभागाचे अर्ज आणि देणगीदारांचे बँक खाते क्रमांक आहेत. लोकांनी ते मंडळावरील विश्वासाने दिले आहेत आणि चार पैशांसाठी तो धोका पत्करणे मला मान्य नाही.

चालू डिस्कवर संपूर्ण पृष्ठभागावर एकदा नवे लेखन करून घ्यावे आणि नंतर ती आपल्याच वापरात ठेवावी. जी डिस्क सुरूच होत नाही, तिच्यावर लेखन करता येत नाही, म्हणून तिच्या चकत्यांना आरपार छिद्रे पाडूनच ती पुनर्चक्रकाकडे द्यावी. लॅपटॉपच्या लहान डिस्कमधील चकत्या बहुधा काचेच्या असतात व फुटून उडतात, तेव्हा हे काम डोळ्यांवर चष्मा लावून मोठ्यांनीच करावे. मी स्वतः येईन.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. कपाटातील एका लॅपटॉपची बॅटरी फुगल्याने त्याचे खालचे आवरण वर आले आहे. तो चार्जिंगला लावू नये आणि आवरण दाबून बसविण्याचा प्रयत्न करू नये. लिथियमची बॅटरी अशाने पेट घेऊ शकते. पुस्तकांच्या कपाटातून तो आजच बाहेर काढून मागील पडवीत फरशीवर, कागदांपासून दूर ठेवावा. ताईंनी खोलीची किल्ली चौकीदाराकडे ठेवल्यास मी संध्याकाळी वर्ग संपल्यावर येऊन बॅटरी वेगळी करतो आणि रविवारी सकाळी उरलेल्या सामानाची तपासणी सुरू करतो.