राजवाड्याच्या बाजारात हलतं शिल्प बसवावं का?

पेढीवरचा (मूळ धागा)

आमच्या गल्लीतल्या दुकानदारांच्या समितीत दोन महिने एकच विषय चाललाय, म्हणून इथे मांडतो. गल्ली राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, कपड्यांची आणि भांड्यांची दुकानं. गिऱ्हाईक मॉलकडे आणि मोबाइलकडे वळलं, हे रडगाणं इंदुरात सगळ्यांना पाठ आहे. समितीकडे थोडी रक्कम साठलीय. गल्लीच्या तोंडाशी काहीतरी हलणारं, हात लावता येईल असं उभं करावं, लोक पोराबाळांना घेऊन बघायला येतील, असं काहींचं म्हणणं. एक विक्रेता येऊनही गेला. त्यानं लॅपटॉपवर दाखवलं: जमिनीत पडदा, पाय ठेवला की पाण्यात लहरी उठतात, मासे पळतात. अठरा लाख, जीएसटी वेगळा. "सर, सेल्फी पॉइंट हो जाएगा."

मासे मला पटले नाहीत, कल्पना पटली. आपल्या चौकांत एकतर पुतळा असतो नाहीतर कारंजं, आणि दोन्हींना कठडा. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्यादेवींना आपण हात जोडतो, तिथे ते शोभतं. पण बाजार ही हात लावून बघायची जागा. साडीचा पोत बोटांनाच कळतो. मग बाजारातल्या कलाकृतीवर 'स्पर्श करू नये' ही पाटी कशाला?

प्रागला एका व्यापारी संकुलाशेजारी काफ्का या लेखकाचं डोकं आहे, डेव्हिड चेर्नी या शिल्पकारानं 2014 साली केलेलं. स्टीलचे 42 थर, प्रत्येक आपापला फिरतो. चेहरा विस्कटतो, पुन्हा जुळतो. सहलीत पाहिलं. गाइड काय सांगतोय ते कुणी ऐकत नव्हतं, सगळे नाक जागेवर यायची वाट बघत उभे!

मतं द्या. नुसतं 'छान' नको.

मागच्या वाड्यातली

नको.

तुमची ती गल्ली, आमची घरी जायची वाट. धनत्रयोदशीच्या आठवड्यात सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर मी पुढे आणि मुलगा मागे, असं गर्दी सारत न्यावं लागतं. रिक्षा आत येत नाही. जिथे मुळात उभं राहायला जागा नाही, तिथे लोकांनी थांबावं म्हणून तुम्ही पैसे खर्च करणार?

आणि विचारलंच आहे तर सांगते. साड्या दाखवत बायकांना तीन-तीन तास गादीवर बसवता, चहा पाजता. त्यांनी जायचं कुठे? अठरा लाखांत स्वच्छतागृह होतं. तिथेही लोक थांबतात.

अर्धा इंजिनीअर

ताईंच्या स्वच्छतागृहाला माझं मत. त्या पडद्याबद्दल मात्र धंद्यातलं दोन शब्द.

विक्रेता 'आयपी पासष्ट' (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) म्हणाला असेल. सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, पाच म्हणजे पाण्याची साधी धार चालेल. आता रंगपंचमी आठवा. राजवाड्यावर गेर (रंगाची मिरवणूक) येते, पंप चार-चार मजले उंच रंग फेकतात, गुलालानं समोरचा माणूस दिसत नाही. गेर संपली की निगमवाले जोराच्या पाण्यानं रस्ता धुऊन काढतात, आणि ते आपण देशभर मिरवतो. त्या दिवशी तुमच्या माशांचं काय? डबा कोरडाही राहील, मान्य. पण सेन्सरच्या काचेवर ओल्या गुलालाचा थर बसला की तो आंधळा. पाय ठेवा नाहीतर लोळण घ्या, मासा हलणार नाही.

एका मॉलमध्ये अशीच फरशी पाहिलीय. उद्घाटनाला रांग. पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर कुंड्या मांडल्या होत्या.

न हलणारं शिल्पसुद्धा सांभाळणं सोपं नसतं. मँचेस्टरला हेदरविक या ब्रिटिश डिझायनरचं एक अवाढव्य शिल्प होतं, लोखंडी सुळ्यांचा जणू स्फोट. 2005 साली उभं राहिलं. अनावरणाच्या आधीच एका सुळ्याचं टोक खाली आलं, आणि 2009 साली सगळंच उतरवलं. उंची किती माहितीये? छप्पन मीटर. (छप्पन दुकानवर खाणाऱ्या इंदुरी माणसानं यातून काय घ्यायचं ते घ्यावं.)

माझा प्रश्न एवढाच: हलणारी वस्तू घेताय, तर रोज सकाळी ती चालू करणारा आणि रात्री बंद करणारा माणूस कोण? त्याचं नाव सांगा, मग बोलू.

जॉबरचा मुलगा

इतका वेळ वाचतोय. प्राग झालं, मँचेस्टर झालं. भिया, अनंत चतुर्दशीला तुम्ही सगळे कुठे असता?

याच रस्त्यांवरून कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे हलते देखावे, जातात, शंभरेक वर्षं झाली. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. रात्रभर लाखो माणसं ओट्यांवर, गच्च्यांवर बसून काय बघतात? हलणारी शिल्पंच की. कंसाचा हात वर जातो, हत्ती सोंड हलवतो, नाग फणा काढतो. हुकुमचंद 1991 च्या डिसेंबरात बंद पडली, तिची झांकी थांबली नाही.

माझे वडील मिलमध्ये जॉबर (कामगारांवरचे मुकादम), झांकीच्या दिवसांत मात्र फिटर. सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर झांकीच्या खाली बसलोय. वर द्रौपदीचं वस्त्रहरण. दुःशासन साडी ओढतोय, साडी संपत नाही, बायका हात जोडतायत. खाली मी बघत होतो ती साडी. दोन रुळांवरून फिरणारा कापडी पट्टा होता तो, वरून गेला की खालून परत यायचा. मोटर छोटी, तिच्यापुढे सायकलची चक्री आणि चेन. पट्टा घसरायला लागला की बाबा रुळाला राळ चोळायचे. मिलमध्ये मशिनच्या पट्ट्यांना चोळत, तीच. आणि सांधा! पट्ट्याला सांधा असणारच. तो लोकांना दिसला की चमत्कार संपला. म्हणून सांध्यावर जरीचा आडवा काठ शिवला होता, आणि तसेच आणखी चार काठ उगाचच, सारख्या अंतरावर. वरून बघणाऱ्याला ती साडीची नक्षी. कापडाच्या कारखान्यातल्या माणसालाच सुचेल असं काम.

ही माणसं अजून आहेत. म्हातारी झालीत. झांक्या आता बऱ्याचदा ठेक्यावर होतात, तरी हात आहेत. त्यांना सोडून तुम्ही लॅपटॉपवाल्याला विचारताय.

अर्धा इंजिनीअर

हे वाचून मजा आली, खरंच. पण झांकी चालते कारण खाली तुमचे बाबा राळ घेऊन बसलेत. एक रात्र, आणि बघणारा वीस फूट लांब. बाजारातलं शिल्प वर्षभर उघड्यावर राहणार, पोरं त्याला लोंबकळणार, कुणाचं तरी बोट चेनमध्ये जाणार. मग पोलीस ठाण्यात कोण? जॉबर की समिती?

जॉबरचा मुलगा

खाली माणूस बसलेला असतो, हेच तर मी सांगतोय.

चित्रकलेचा मास्तर

(निवृत्त. आता घरी शिकवण्या.)

दोघांचं भांडण मला भांडण वाटत नाही, पण समितीला काही गोष्टी आधीच सांगायला हव्यात. तुम्ही तीन कोटेशनं मागवून सगळ्यात स्वस्त घेणार, ही तुमची सवय. पंखे घेताना ती ठीक. इथे ती चालवलीत तर जो विक्रेता मासे घेऊन आला, तोच पुढच्या खेपेला मोर घेऊन येईल. चार-पाच कलाकार निवडा, त्यांना गल्ली दाखवा, सकाळी दहाला आणि रात्री नऊला, आणि छोटं मॉडेल करायला पैसे द्या. फुकट रेखाटन मागू नका. देवळालीकर मास्तरांनी 1927 साली याच गावात चित्रशाळा काढली, तिथून बेंद्रे आणि हुसेनसारखे चित्रकार शिकून गेले. आणि त्याच गावात आजही चित्रकाराला म्हणतात, "एक डिझाइन काढून द्या, आवडलं तर बघू."

दुसरं, हलण्यासाठी वीज लागतेच असं नाही. काल्डर या अमेरिकन शिल्पकाराची कितीतरी 'मोबाइल' (टांगती, हलती) शिल्पं वाऱ्याच्या झुळकीवर हलतात, आणि हाताला फिरवायला मूठ दिली तर बघणारा आपोआप कामाला लागतो. चेनबद्दलचं म्हणणं खरं आहे. ती बंद पेटीत हवी, आणि मूठ अशी की अडलं की नुसती घसरेल, बोट ओढणार नाही. उसाच्या चरखीपेक्षा हे नक्कीच सुरक्षित होईल.

जुन्या यंत्रांबद्दल एक: स्वित्झर्लंडात बाझेलला टँग्ली या शिल्पकारानं 1977 साली कारंजं केलं. गावचं जुनं नाट्यगृह पाडलं होतं, त्याच्या रंगमंचाचे लोखंडी भाग घेऊन दहा आकृत्या केल्या. त्या पाणी उडवतात, उपसतात, नुसत्याच डोलतात. नाट्यगृह गेलं, हातवारे राहिले. आपल्याकडे गिरण्या गेल्या. रूळ, चक्र्या, धोटे कुणाच्या तरी भंगारात असतील.

परदेशी इंदुरी

मॉन्ट्रियलहून. इथे 2011 साली मध्यवस्तीत 21 झोपाळे लावले होते, सुरांचे. एकट्यानं झोका घेतला तर तुमचे तेवढे सूर. शेजारच्यानं लय जुळवली की धून तयार होते. अनोळखी माणसं एकमेकांकडे बघत झोके घेतात. पण इथे सांगायचं कारण दुसरं. ते झोपाळे हंगामी होते. वसंतात लावायचे, मग उतरवायचे. बारा महिने उभं ठेवायचा हट्ट कशाला?

मागच्या वाड्यातली

हंगामी असेल तर निदान धनत्रयोदशीला ते गोदामात राहील.

झोपाळे मात्र आमच्या गल्लीत नकोत हो. झोका पुढे आला की भांडीवाल्याच्या परातींत.

पेढीवरचा

पडदा रद्द. काल बैठकीत सांगून टाकलं, दोघं रुसले. स्वच्छतागृहाचा विषय मी मांडला, ताई. सगळे गप्प झाले. मग एकानं विचारलं, "जागा कोण सोडणार?" कुणाच्या तरी दुकानाला लागून होणार ना ते. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडतो, माझ्या मागच्या बोळाचा कोपरा देता येतो का बघतो.

हलत्या शिल्पाचं म्हणाल तर तुमच्या झांकीच्या साडीनं मला झोपू दिलं नाही. आमची कपड्यांची गल्ली, आणि न संपणारं कापड! मूठ फिरवा, कापड चालू. दसऱ्याला लावायचं, धनत्रयोदशीच्या आधी उतरवायचं, रंगपंचमीला बाहेर काढायचंच नाही. तुमचे वडील बोलतील का?

चित्रकलेचा मास्तर

बोलायला जाल तर शाल-श्रीफळ घेऊन जाऊ नका. मानधन किती ते ठरवून जा.

अर्धा इंजिनीअर

कापड दर आठ दिवसांनी बदलावं लागेल. एवढ्या हातांचा मळ, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून खाऊन आलेल्या लोकांची बोटं. हे आताच लिहून ठेवा.

जॉबरचा मुलगा

रविवारी विचारलं. बाबा ब्याऐंशीचे आहेत, कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. गल्ली कुठली, रुंदी किती, कापडाचा पन्हा किती, मूठ डाव्या हाताला की उजव्या, हे सगळं विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी यातलं काही विचारलं नाही. "रात्री किल्ली कुणाकडे राहणार?" एवढंच म्हणाले.

अर्धा इंजिनीअर

मग मी पहिल्यापासून काय विचारत होतो?