कमलाबाई निंबकर यांच्या कार्याविषयी माहिती हवी आहे

ओटी_विद्यार्थिनी:
नमस्कार. मी मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजार किंवा अपंगत्व आलेल्यांना रोजची कामे स्वतः करायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या अखिल भारतीय संघटनेच्या परिषदेत उत्कृष्ट शोधनिबंधाला कमला निंबकर यांच्या नावाची ट्रॉफी दिली जाते, परंतु त्यांच्याविषयी दोन ओळींपलीकडे आम्हांला कोणालाच काही सांगता येत नाही. विभागाच्या कार्यक्रमात मला त्यांच्यावर दहा मिनिटे बोलायचे आहे. ‘अमेरिकेतून आलेल्या सेवाभावी बाई’ एवढ्यावर भागवायचे नाही. त्यांच्या कामाचे वेगळेपण नेमके कशात होते? फलटणची त्यांच्या नावाची शाळाही त्यांनीच काढली का?

परळकर:
त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० चा, अमेरिकेतल्या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) कुटुंबातला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० च्या सुमारास भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, त्यांनी फिलाडेल्फियाला जाऊन या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले आणि परत येऊन १९५० मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. ते आशियातले पहिले मानले जाते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली, त्यांच्याकडे अध्यक्षपद आले, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या जागतिक महासंघाच्या मोजक्या संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. दवाखान्यात बसून एकेका रुग्णाची शुश्रूषा करणे त्यांना सोपे गेले असते. त्यांनी शिकवणारी माणसे तयार केली, हे माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण. तुमच्या दहा मिनिटांतली सात यावरच खर्च करा.

हातखंडा:
मी बरीच वर्षे याच व्यवसायात आहे. परळकरांचे म्हणणे पटते, मात्र त्या शिक्षणात काय होते हेही श्रोत्यांना दाखवावे, कारण करुणा हा शब्द भाषणात फार स्वस्त होतो. अर्धांगवायूने उजवा हात गेलेली गृहिणी येते तेव्हा घरच्यांची इच्छा असते की तिने आता स्वस्थ बसावे. आम्ही तिला लाकडी फळीवर ठोकलेले दोन स्टीलचे खिळे दाखवतो: बटाटा त्यांत रुतवला की डाव्या हाताने सोलता येतो. पोळपाटाखाली ओले फडके घातले की तो सरकत नाही, आणि एका हाताने लाटलेली पहिली पोळी नकाशासारखी झाली तरी ती तिने लाटलेली असते. अशा वेळी पुढे होऊन मदत करण्याचा मोह आवरणे हेच विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते. एक बटण लावायला तिला वीस मिनिटे लागली तरी समोर बसून राहावे लागते. (नातेवाईक तेवढ्यात तीनदा घड्याळ पाहतात, ही गोष्ट वेगळी.) कमलाबाईंनी विद्यालय काढले त्या काळात पोलिओ झालेली मुले घरोघरी होती आणि अपंगांसाठी दया होती, सोयी मात्र फारशा नव्हत्या. त्या मुलाला स्वतः जेवता यावे, शाळेत जाता यावे, पुढे कमावता यावे, असा विचार करणारा अभ्यासक्रम इथे उभा करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

फलटणचा_शेतकरी:
शाळेबाबत: फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ त्यांच्या नावाने आहे, पण ते शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केले, कमलाबाईंच्या १९७९ मधील निधनानंतर. आमच्याकडे निंबकर म्हटले की आधी आठवतात कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर, ज्यांनी १९६८ मध्ये इथे कृषी संशोधन संस्था स्थापन केली. त्यामुळे आईच्या कामाची गावात तेवढी चर्चा होत नाही. जमल्यास तुमच्या भाषणाचा मजकूर येथे टाकावा. शाळेतल्या शिक्षकांना मी नेऊन देईन.

ओटी_विद्यार्थिनी:
सर्वांचे मनापासून आभार. हातखंडा, ती खिळ्यांची फळी कार्यक्रमासाठी करून घेणार आहे. खिळे किती लांबीचे असावेत, आणि फळी ओट्यावर सरकू नये म्हणून खाली काय लावता, तेवढे कळवाल का?

हातखंडा:
फळीच्या वर साधारण दीड इंच खिळा राहू द्या आणि खाली रबरी चकत्या लावा. वापरून झाल्यावर खिळ्यांवर बूच खोचायला विसरू नका.