एस्तेर शूर की वश्ती?

नारळीबाग: बायबलातल्या 'एस्तेर' पुस्तकात पर्शियाच्या राजाच्या दोन राण्या आहेत: आधीची वश्ती आणि तिच्या जागी आलेली ज्यू एस्तेर. त्यांच्यावरची 'खरी बाणेदार वश्ती. एस्तेर काय, काकाच्या सांगण्यावरून वागली' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. एक तर तिला वाढवणारा मर्दखय तिचा काका नव्हे, चुलतभाऊ. दुसरं, चौथा अध्याय वाचलात का? दरबारातल्या हामानने सगळ्या ज्यूंच्या कत्तलीचा हुकूम काढला, म्हणून राजाकडे जाऊन विनव, असं मर्दखयने तिला सांगितलं. न बोलावता आतल्या चौकात गेलं आणि राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला नाही, की मरण. हिला तर 30 दिवसांत बोलावणं नव्हतं! आधी तिने मर्दखयला हेच कळवलं, म्हणजे घाबरलीच होती. मग तीन दिवस उपास, आणि 'मेले तर मेले'.

खडूस: वश्तीने भर मेजवानीत राजाला नाही म्हटलं आणि राणीपद घालवलं. हिने दोन मेजवान्या घातल्या. शौर्य की स्वयंपाक?

नारळीबाग: स्वयंपाकाला नावं ठेवू नका. माझ्या आजीला सासऱ्यांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. आईला शाळेत घालायचं होतं. पुरीमला, म्हणजे ज्यूंच्या त्या सुटकेच्या सणाला, पुरणपोळ्या केल्या आणि तूप वाढता वाढता विषय काढला. हात इतका थरथरला की तूप पाटावर सांडलं. आई मॅट्रिक झाली.

गूळवाला: पुरणपोळी होळीची ना? पुरीमला कुठून आली?

नारळीबाग: आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत पुरीमला 'होळीचा सण'च म्हणायचे.

खडूस: म्हणजे आपल्याकडूनच उचललं.

नारळीबाग: 'आपल्याकडून' म्हणजे? आम्ही कोण मग, पाहुणे? शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून अख्ख्या कोकणाने 'शनवार तेली' म्हटलं आम्हाला. मराठीतच भांडतेय ना तुमच्याशी?

खडूस: बरं बाई, शब्द चुकला.

गूळवाला: पुरणात गूळ की साखर, ते सांगा.

नारळीबाग: गूळ! हा काय प्रश्न झाला?

डोंबिवलीकर: आमच्याकडे निम्मी साखर. पोळी फुटत नाही.

गूळवाला: फुटते ती तुमच्या हाताने. साखरेच्या पुरणाला पुरण म्हणू नका.

मधलीआळी: पोळ्या बाजूला ठेवा. पुरीमला एस्तेरचं पुस्तक वाचताना हामानचं नाव आलं की पोरं खुळखुळे वाजवतात, त्याच्या 10 मुलांची नावं एका दमात वाचतात, सगळं छान. पण नवव्या अध्यायात ज्यूंनी 75,000 माणसं मारली. आणि राजधानी शूशनमध्ये मारायला 'आणखी एक दिवस द्या' हे मागणं खुद्द एस्तेरचं. त्याचं काय?

नारळीबाग: कत्तलीचा हुकूम हामानचा होता, आणि राजाची मोहोर बसली की मागे घेता येत नसे. म्हणून ज्यूंना लढायची मुभा मिळाली. लुटीला हात लावला नाही, हेही तीनदा लिहिलंय. पण तो दुसरा दिवस... तो माझ्याही गळी उतरत नाही.

खडूस: चला, एवढं तरी कबूल केलंत! मग मीही मानतो, राजदंडापर्यंतचं ते चालणं सोपं नव्हतं. वश्ती मात्र सोडणार नाही. आणि आजींच्या पोळीचं नेमकं प्रमाण टाका.