सूड, बदला, डूख, उट्टे : राधाबाई काय म्हणेल?

गोधडी
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहिते आहे आणि एका वाक्यावर अडले आहे. विषय म्हसवडचे नागोजी माने, त्यांची बायको राधाबाई आणि सेनापती संताजी घोरपडे. ज्यांना हकीकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: राजाराम महाराज जिंजीला असताना संताजी आणि धनाजी जाधव यांचे फाटले आणि १६९६ मध्ये दोघांच्या फौजा समोरासमोर आल्या. धनाजीच्या बाजूने लढणारा अमृतराव निंबाळकर संताजीच्या हाती लागला. संताजीने त्याला हत्तीच्या पायी दिले. हा अमृतराव राधाबाईचा भाऊ. पुढच्या वर्षी, फौज पांगून एकटा पडलेला संताजी नागोजीने गाठला आणि मारला. नवऱ्यामागे राधाबाईचाच लकडा होता असे सांगतात.

माझा प्रसंग रात्रीचा आहे. नागोजी जेवायला बसलाय, ती वाढतेय. तो विचारतो, “तुझं ताट कुठाय?” ती म्हणते, “नागोजी, मला सूड हवा.” कच्चा खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने ‘सूड’ खोडून ‘बदला’ केले. म्हणे आजच्या वाचकाला तेच भिडते. तुमचे मत?

ठाण्याचा
बदला. ‘सूड’ आता फक्त ‘सूडबुद्धीने कारवाई’ या पेपरातल्या मथळ्यापुरता उरलाय. राधाबाई पत्रकार परिषद घेतेय असे वाटेल.

जुनी पोथी
ठाणेकर, हसलो, पण पटले नाही. आधी ‘बदला’ का नको ते सांगतो. शब्द अरबी आहे म्हणून नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्या काळच्या मराठीतून फारसी-अरबी शब्द उपसून काढायचे ठरवले तर फौज, हुकूम, फत्ते, दगा सगळे जाईल आणि नागोजीला घोड्यावर बसायला खोगीरसुद्धा उरणार नाही. अडचण अर्थाची आहे. मराठीत हा शब्द देवघेवीच्या अंगाने नांदला. मोबदला बघा, बदली कामगार बघा. मुंबईच्या शेअरबाजारात तर सौदा पुढच्या खेपेला ढकलण्यासाठी जो आकार द्यावा लागे त्यालाच बदला म्हणत. सेबीने २००१ मध्ये तो प्रकार बंद केला, पण जुन्या दलालाला अजूनही ‘बदला’ म्हटले की आधी टक्केच आठवत असतील. घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर, ही आख्यायिकाही त्याच अर्थावर उभी आहे. दात-ओठ खाऊन म्हटलेला ‘बदला’ मला हिंदी पडद्यावरून उतरल्यासारखा वाटतो. सतराव्या शतकातल्या माणदेशात तो ऐकला की पाठोपाठ विजेचा कडकडाट आणि क्लोजअप येणार अशी धास्ती वाटते.

पण गोधडी, तुमचे ‘सूड हवा’ही चुकते आहे, आणि ते जास्त चुकते आहे. सूड हवा नसतो. सूड घेतात किंवा उगवतात. ‘हवा’ म्हटले की तो पानातल्या चटणीसारखा मागून घ्यायचा पदार्थ होतो. ‘उगवणे’ या क्रियापदाकडे जरा थांबून बघा. जुन्या मराठीत येणे वसूल करण्यालाही उगवणे म्हणत. ऋण फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात. ते सगळे आपण देणे लागतो. सूड मात्र कुणी फेडत नाही, कारण तो आपले येणे असतो. राधाबाईच्या मनात संताजीकडे एक येणे बाकी आहे, आणि वसुलीला ती स्वतः जाऊ शकत नाही, नवऱ्याला पाठवावे लागते. कथेतला सगळा ताण इथे आहे असे मला वाटते.

ठाण्याचा
बरं, मग ‘उट्टे काढा’? किंवा ‘वचपा’? दोन्ही अस्सल मराठी.

जुनी पोथी
अस्सल आहेत, पण मागच्या सामन्यातल्या पराभवाचे उट्टे काढतात आणि मालिका हरल्याचा वचपा काढतात. दोन्हींत पुन्हा खेळायची सोय गृहीत असते. हत्तीच्या पायी गेलेल्या भावाचे उट्टे काढा म्हटले तर वाचक स्कोअर विचारेल.

माणदेशी
मी त्याच मुलखातला, म्हणून बोलतो. वरची चर्चा बरोबर, पण एक गोष्ट सुटतेय. घरातली बाई रात्री नवऱ्यापुढे ‘सूड’ हा शब्द उच्चारेलच कशाला? ‘सूड’ हा निवेदकाचा शब्द. लेखक म्हणेल, “राधाबाईने सूड घेतला.” ती स्वतः म्हणेल, “माझा पाठीराखा गेला. त्याचं मुंडकं बघितल्याबिगर मी अन्नाला शिवणार न्हाई.” बस्स. तुमच्या ताटाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि भावनावाचक नाम लागलेच नाही.

आणि कृपा करून ‘नागोजी’ काढा! नवऱ्याला नावाने हाक? ‘धनी’ म्हणू दे. फार तर काहीच संबोधन नको, नुसते “ऐकलंत का” पुरे. पुण्याच्या वाड्यांतले ‘इकडून येणं झालं’ मात्र तिच्या तोंडी घालू नका. ती बोली वेगळी, काळही वेगळा.

मधल्या काळासाठी शब्द हवा असेल तर ‘डूख’. आमच्याकडे नाग डूख धरतो, माणूसही धरतो. अढी मनात बसते, आकस वागण्यातून दिसतो, एखाद्यावर दात असला तर चार लोकांना माहीत असते. डूख मात्र समोरच्याला कळत नाही. भाऊ गेल्यापासून संताजी मरेपर्यंत जे काही राधाबाईच्या पोटात होते ते वैर नव्हे, डूख. वैराला दोन बाजू लागतात. संताजीच्या खिजगणतीतही ती नसणार.

गोधडी
माणदेशी, मुंडक्याचे वाक्य चोरते आहे. ‘तळतळाट’ वापरला तर? जिच्या हातात काही नाही तिचे तेवढेच हत्यार असते, असे डोक्यात होते.

माणदेशी
वापरा, पण तिच्यासाठी नको. जिला सूड घ्यायची सोय नाही तिचा तळतळाट. राधाबाईला तलवार धरणारा नवरा होता. संताजीच्या घरातल्या बायका आणा कथेत. तळतळाट त्यांचा.

मोडीवाचक
उशिरा येतोय. मला सूड-बदला वादापेक्षा वेगळेच खुपते. प्रेमाची आणि सूडाची ऐतिहासिक कथा लिहिताना आपण एका बाजूचा शब्द उचलतो आणि तोच निवेदनभर चालवतो. इथे तर घटना दोन आणि प्रत्येकीला नावे निराळी. अमृतरावाला मारले, ते सेनापतीच्या दफ्तरातून बघितले तर ‘पारिपत्य’. शिक्षा करणाऱ्याच्या हाती अधिकार असला की तोच शब्द येतो: पुंडांचे पारिपत्य, फितुरांचे पारिपत्य. म्हसवडच्या वाड्यात तोच प्रसंग ‘खून’. पुढे नागोजीने संताजीला गाठले ते आंघोळ करत असताना, हाताशी शस्त्र नसताना. मान्यांच्या घरात तो ‘सूड’ असेल, मराठी फौजेत तो ‘दगा’, आणि औरंगजेबाच्या छावणीत आनंदीआनंद. तुम्ही निवेदनात पहिल्या पानावर ‘सूड’ लिहिलात की न्याय कुणाच्या बाजूला ते तिथेच ठरवून टाकता. मी तर म्हणेन, निवेदकाने हा शब्द एकदाही वापरू नये. पात्रांनी आपापले शब्द वापरावेत आणि एकमेकांशी भांडावे.

दुसरे, प्रेमाचे. तुमचा जो उतारा मागे वाचायला दिला होता त्यात ‘नागोजीचे राधाबाईवर जिवापाड प्रेम होते’ असे आहे. वाक्य चूक नाही, पण मिळमिळीत आहे. त्या काळच्या पत्रांच्या शेवटी ‘लोभ असावा’ येते, लावणीत इष्क आणि प्रीत येते, आई-लेकरांत माया असते. नवरा-बायकोंत काय असते? बहुतेक वेळा तिथे नामच नसते, क्रियापद असते. जीव जडतो, जीव तुटतो. नागोजीपुरते बोलायचे तर ‘तिचा शब्द त्याने खाली पडू दिला नाही’ एवढेच लिहा. प्रेमही त्यात आले, आणि त्या प्रेमापायी त्याने मराठ्यांचा सेनापती मारला हेही.

जुनी पोथी
‘पारिपत्य’बद्दल शंभर टक्के सहमत. ‘सूड’ अजिबात नको हे मात्र जरा जास्तच सोवळे झाले. आपल्या मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून धरली तर दीडशे वर्षे वाचक याच शब्दासाठी पाने उलटत आलाय. एकदा येऊ द्या. शेवटाकडे.

गोधडी
एकदाच येईल, तोही नागोजीच्या तोंडी. बाकी सगळीकडून काढला. ताटाचा प्रसंग आता असा: “तुझं ताट?” “धनी, माझ्या पाठीराख्याला हत्तीखाली दिला त्यानं. त्याचं मुंडकं दिसंल तवा माझं ताट वाढीन.” बोली ओढूनताणून वाटत असेल तर सांगा.

शेवटच्या प्रसंगासाठी एक शब्द हवाय. मोगलांचा इतिहास लिहिणाऱ्या खाफीखानाने दिलेली हकीकत अशी की नागोजीने शीर पिशवीत घालून खोगिराला बांधले, वाटेत पिशवी सुटून पडली, बादशहाचा सरदार फिरोजजंग याच्या माणसांना सापडली आणि शीर बादशहाकडे गेले. म्हणजे माझी राधाबाई ताट वाढायची थांबली ती थांबलीच. त्या पिशवीला मी ‘तोबरा’ लिहिलेय. चालेल?

माणदेशी
बोली ठीक. ‘वाढीन’च्या जागी ‘वाढून घेईन’ करा. तोबरा नको, तो चंदीचा, घोड्याच्या तोंडाला अडकवतात. खोगिराला बांधतात ती खुर्जी.