बोटांच्या टोकांवर पाच ठिपके गोंदवायचेत. टिकतील का?

माणदेशी_नात

मी कराडला एका पतसंस्थेत काउंटरवर असते, वय ३१. आजी मार्चमध्ये गेली. तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यापाशी पाच ठिपके गोंदलेले होते. चार कोपऱ्यांत चार, मधे एक. माझ्या आठवणीत ते हिरवट-निळेच, कडा पसरलेल्या. ती दूध-भाकरीचा घास भरवायची तेव्हा माझी नजर त्यांच्यावरच असायची.

मला तेच हवंय, पण माझ्या पद्धतीनं. उजव्या हाताच्या पाचही बोटांच्या टोकांवर, जिथं ठसा उमटतो तिथंच, एकेक ठिपका. एरवी सुटे सुटे, पण घास करायला बोटं जुळवली की पाचही एकत्र. लेक दोन वर्षांची आहे, तिला भरवताना ते जुळावेत एवढीच हौस.

अडचणी अशा. दिवसभर नोटा मोजते, बोट सतत ओल्या स्पंजवर. हजेरी अंगठ्याच्या मशिनवर. गल्लीतली पार्लरवाली म्हणते महिन्यात उडून जाईल. पण मेंदी तर तळहातावर आणि बोटांच्या टोकांवरच सगळ्यात जास्त चढते, मग टॅटूचंच काय बिघडलंय? शिवाय धाकटा भाऊ सैन्यभरतीची तयारी करतोय, माझं ऐकून त्यालाही तळहातावर काहीतरी काढायचंय.

नवरा म्हणतो, "पेनानं काढ की." हे उत्तर सोडून बाकी काहीही सांगा.

सुईवाला_सांगली

ताई, माफ करा, पण मीही शेवटी दाजींच्याच उत्तरावर येणार आहे. ११ वर्षं हेच काम करतोय.

आधी मेंदीचं. मेंदी रंगवते ती वरची मेलेली कातडी. तळहाताला आणि बोटांच्या टोकांना ती भरपूर जाड, म्हणून तिथं मेंदी काळपट चढते आणि ती कातडी झिजली की उतरते. टॅटूची शाई त्या थराच्या खाली, जिवंत कातडीत पोचवावी लागते. म्हणजे ज्या कारणानं मेंदी रंगते, त्याच कारणानं टॅटू बसत नाही. पापणीवर वरचा थर जेमतेम ०.०५ मिलिमीटर, तळहात-तळपायाला तोच दीड मिलिमीटरपर्यंत जातो. आम्ही दंडावर, पाठीवर सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर घालतो. आता तुम्हीच हिशेब करा, बोटाच्या टोकावर तेवढ्यात आम्ही कुठं पोचणार! उथळ गेलो तर शाई खपलीबरोबर बाहेर. जरा जास्त दाबलं तर शाई खाली फुटते आणि ठिपक्याच्या जागी निळसर ढग. त्यात घाम. स्टेन्सिल चिकटवून वळेपर्यंत अर्धी पुसलेली असते.

गेल्या वर्षी एका पोराच्या तर्जनीच्या टोकावर चंद्रकोर केली, त्याच्या हट्टापायी. पाच आठवड्यांनी आला तेव्हा कोरीची दोन टोकं तेवढी शिल्लक होती, मधला भाग गायब. दुसऱ्यांदा भरली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी नाही म्हणालो. फुकट टच-अप मी एरवी देतो, तळहाताला आणि बोटांना नाही.

दुखण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: वाईट दुखतं. स्पर्श कळायला तिथं नसा दाटीनं असतात.

बोटाच्या कडेला नीट बघा, तळव्याची जाड कातडी संपून पाठीची पातळ कातडी सुरू होते ती रेष दिसेल. रेषेच्या अलीकडे माझा भरवसा नाही. पलीकडे, नखाच्या मागे, ठिपका बऱ्यापैकी राहतो. आणि यायच्या आधी आठवडाभर पेनानं ठिपके काढून बघा. कुठं किती घासलं जातं ते आपोआप कळेल.

ठेका_चुकला

मी केलंय. दीड वर्षापूर्वी, उजव्या तर्जनीच्या टोकावर एक ठिपका. तबला शिकतो, 'ना' वाजतो ती जागा. (हो, तेव्हा ही कल्पना मला फार भारी वाटली होती.)

अठरा दिवस हात लावला नाही तबल्याला. गुरुजी काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरं झालं असतं. खपली असेपर्यंत नवं सिमकार्ड घ्यायला गेलो तर मशिननं ते बोट चार वेळा नाकारलं, शेवटी दुसरं बोट दिलं. खपली गेल्यावर मात्र ठसा पूर्वीसारखा उमटायला लागला. आज तिथं काय आहे? किनारीवर वाजवून पडलेला घट्टा आणि त्याच्या आत बॉलपेन लागल्यासारखं काहीतरी. ते टॅटू आहे हे मला सांगावं लागतं.

तुम्ही करणारच असाल तर अंगठा तरी वगळा, नाहीतर हजेरीला रोज साहेबांसमोर उभं राहावं लागेल.

पहाटे_पाच_किमी

भावापुरतं. सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पाठीवर चालतं. तळहात त्यात येत नाही (आदिवासी परंपरेतल्या गोंदणाला वेगळी सूट आहे). भरती होईपर्यंत काहीच काढू नको म्हणावं. आणि टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मावशी_६८

अगं बाळ, माझ्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. आमच्याकडं गोंदणारी जत्रेत बसायची. तीन-चार सुया दोऱ्यानं बांधलेल्या, काजळी कालवलेली, आणि पोरीनं हात ओढू नये म्हणून गाणं म्हणत राहायची. वरून हळद. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं म्हणायचे, म्हणून मी गप बसून टोचून घेतलं. कपाळ, हनुवटी, हात, पोटऱ्या, सगळीकडं बघितलं, पण तळव्यावर गोंदलेली बाई मला नाही आठवत. राखेनं भांडी घासणारा, जात्याचा खुंटा धरणारा हात, त्यावर काय राहणार?

आणि एक सांगू का? राग मानू नको. घास भरवताना बोटांची टोकं घासात असतात. पोरीला ती दिसणारच नाहीत. तुला आजीचे ठिपके दिसायचे, कारण ते हाताच्या पाठीवर होते.

माणदेशी_नात

मावशी, तुमचं वाचून मी खरंच ताट घेऊन आरशासमोर बसले. टोकं दिसत नाहीत. भातच दिसतो. चार महिने हा विचार करतेय आणि एवढं सुचलं नाही.

पेनाचंही केलं, नवऱ्याच्या नकळत. रविवारी रात्री जेलपेननं पाच ठिपके. सोमवारी सकाळी अकरापर्यंत अंगठा आणि तर्जनी कोरी, नोटा मोजून. मधलं बोट संध्याकाळच्या कणकेत गेलं. करंगळी एकटी बुधवारपर्यंत टिकली.

सुईवाले दादा, मग आजीच्याच जागी, बेचक्यापाशी. तिथं राहतात ना? दुसऱ्या शनिवारी सुट्टी आहे, कराडहून सकाळच्या एसटीनं येईन.

सुईवाला_सांगली

राहतात. अगदी बेचक्यात नको, तिथं कातडी दुमडते. बोटभर मनगटाकडे सरकवू. आजींचा हात दिसेल असा एखादा जुना फोटो असला तर आणा, ठिपक्यांमधलं अंतर त्यावरून घेता येईल. आणि हातावर मेंदी लावून येऊ नका.