मदत हवी आहे: बालीच्या १९२८च्या तबकडीची खरखर काढताना वाद्याचा आघातच पुसला जातोय

नमस्कार मंडळी,

मी नेदरलँड्समध्ये राहते. शेजारच्या आजींनी घर रिकामं करताना एक लाखेची तबकडी माझ्या हाती ठेवली. त्यांचे वडील डच अमदानीत बालीतल्या सिंगराजाला नोकरीला होते. लेबल ओडिऑनचं, वादन डेनपसारमधल्या बेलालुआनच्या गामेलान ताफ्याचं (गामेलान म्हणजे काशाच्या पट्ट्या, झांजा वगैरेंचा वाद्यमेळ), दोन्ही बाजूंना 'केब्यार डिंग' या रचनेचे तुकडे. तीन मिनिटांत बाजू संपायची, म्हणून रचना अशी तोडून भरलेली.

१९२८ साली ओडिऑन आणि बेका या जर्मन कंपन्यांनी बालीत केलेलं हे मुद्रण. तेव्हा ते खपलं नाही, पण त्यातल्या काही तबकड्या ऐकून कॉलिन मॅकफी हा संगीतकार न्यूयॉर्क सोडून बालीला राहायला गेला. एडवर्ड हर्ब्स्ट आणि ॲलन एव्हान्स यांनी २००९ पासून पाच भागांत ही मुद्रणं पुन्हा प्रकाशित केली. ती ऐकल्यापासून हे संगीत माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या प्रतीतून निघेल तेवढं नीट काढून एक प्रत बेलालुआनला पाठवायची आहे.

अडचण अशी. खरखर काढणारं सॉफ्टवेअर चालवलं की टिकटिक जाते, पण काशाच्या पट्टीवर हातोडी पडतानाचा 'टण्ण'मधला 'ट'सुद्धा जातो. उरते नुसती गुंज. झांजा तर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारख्या वाटतात. गामेलानमध्ये पट्ट्या जोडीने असतात, एक जरा उतरलेली, एक जरा चढलेली, आणि दोन्ही मिळून स्वर थरथरतो. बालीत त्याला ओम्बाक, म्हणजे लाट, म्हणतात. तानपुऱ्याची जोड किंचित सुटली की ऐकू येतं तसंच, फक्त इथे ते मुद्दाम केलेलं. ती लाट मला अजिबात गमवायची नाही.

दुसरं, वेग. मिनिटाला ७८ ऐवजी ८२ फेऱ्यांवर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. प्रत्येक ताफ्याची सुरावट वेगळी, त्यामुळे हार्मोनियम घेऊन ताडता येत नाही. मग खरा वेग ठरवायचा कसा?

आणि तबकडी स्पिरिटने पुसली तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, आधी स्पिरिट लांब ठेवा! पॉलिशवाले सुतार लाख त्यातच विरघळवतात. डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, बास. लेबल ओलं होऊ देऊ नका.

सुई एलपीची लावली असेल तर बदला. ७८च्या खाचेला साधारण तिप्पट जाड सुई लागते. दोन-तीन जाडीच्या सुया लावून बघा, खाचेचा न झिजलेला भाग कुठेतरी सापडतो.

आघाताचं म्हणाल तर लगेच मोनो करू नका, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र मिसळू नका. स्टीरिओ कॅटरिजवर (सुई बसवलेल्या भागावर) डावा-उजवा चॅनल म्हणजे खाचेच्या दोन भिंती. वाजवलेला सूर दोन्हींवर सारखा उमटतो, ओरखडा बहुतेक वेळा एकाच भिंतीवर असतो. शिवाय हातोडीच्या ठोक्यामागे गुंज येते, टिकटिकीमागे काही येत नाही. एकेक टिकटिक हाताने काढा, वेळ जाईल. मूळ फाइल मात्र न छेडता वेगळी ठेवा.

वेगासाठी त्याच ताफ्याच्या इतर बाजू ताडून बघा. काशाची पट्टी एकाच सुरात बोलते. सुरुवातीला आणि शेवटी तिचा सूर जुळत नसेल तर मुद्रणाच्या वेळी यंत्राचाच वेग बदलला होता असं समजा.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. काल रात्री पहिली वीस सेकंदं केली. एकतीस टिकटिकी निघाल्या, त्यातल्या सव्वीस फक्त उजव्या भिंतीवर. 'ट' परत आला, मी चार वेळा ऐकला. आता कडेला एक बारीक तडा आहे, दर फेरीला ठोका देतो, आणि तो दोन्ही चॅनलवर आहे. त्याचं कुणी काय केलंय?