घरचा ग्रुप: आबांचं वर्षश्राद्ध, रविवार 🙏

मनीषा (अकोला), सकाळी ७:५२
आईचा आत्ताच फोन आला. आबांच्या खोलीतल्या फाइली पडवीत काढून ठेवल्या आहेत म्हणे, आणि दुपारी भंगारवाला येऊन राहिला. कोणी ठरवलं हे? पप्पू, तुलाच विचारते आहे.

बाळूकाका, ८:०१
शुभ सकाळ. रविवारी जेवणाले किती पानं? आचाऱ्याले आजच सांगा लागते. आपापला आकडा टाका.

सुनील (पुणे), ८:०४
सगळ्या फाइली??

पप्पू, ८:०९
सगळ्या नाही. चालू केसेसच्या प्रशांतदादा दिवाळीतच घेऊन गेला. ह्या जुन्या आहेत, अप्पर वर्ध्याच्या वेळच्या. धरण झालं, मोबदला मिळाला, अर्धे पक्षकार वारले. खालच्या दोन रॅकला उधळी लागली. रविवारी पाहुणे कुठं निजवू, संत्र्याच्या झाडाखाली?

नंदाआत्या, ८:१५
पप्पू, फ्लेक्सवर आबाच्या नावाखाली कैवारी अन् कुटूंबवस्तल लिहिलं. कुटूंबवस्तल म्हणजे काय रे?

पप्पू, ८:१६
आत्या, ते फ्लेक्सवाल्यानं चुकवलं. काल रात्रीचा नमुना आहे तो, छापला नाही अजून.

नंदाआत्या, ८:१८
अन् आबाच्या बाजूला भाऊसाहेब पंजाबरावांचा फोटो कोणाच्या डोक्यातून आला? एक बॅरिस्टर, देशाचे कृषिमंत्री. आमचा आबा मोर्शीच्या कोर्टात तारखा घेणारा.

सुनील (पुणे), ८:१९
फ्लेक्सवर कुणीतरी मोठा माणूस लागतोच आत्या 😄 नशीब निवडणूक नाही, नाहीतर खाली इच्छुकांची रांग असती.

बाळूकाका, ८:२२
रविवारी जेवणाले किती पानं? फक्त आकडा टाका.

मनीषा (अकोला), ८:२५
विषय फाइलींचा चालू आहे. फ्लेक्स नंतर.

पप्पू, ८:३१
ताई, तुम्ही लोक फोनवर विषय चालवता. गडी लावून रॅक मी हलवतो. आबा दवाखान्यात होते तेव्हा अकरा रात्री बाकड्यावर कोण झोपलं हेही एकदा ग्रुपवर टाका.

सुनील (पुणे), ८:३३
ते कोणी विसरलं नाही पप्पू. पण दरवेळी तेच काढायचं का?

पप्पू, ८:३३
दरवेळी? पहिल्यांदा काढलं.

प्रशांत (नागपूर), ८:४७
कोर्टात निघालो आहे, थोडक्यात सांगतो. भंगारवाल्याला परत पाठवा. वकील गेला की वकीलपत्र संपतं, पण कागद आपले होत नाहीत. मूळ खरेदीखत, सातबाऱ्याचे जुने उतारे, निवाड्याच्या नकला, हे सगळं पक्षकाराचं. पैसे मिळाले म्हणजे कागद मेला असंही नाही. उद्या त्याच्या नातवांत वाटणी निघाली की हेच लागेल.

आणि पप्पू, त्या फाइलींना रद्दी म्हणू नको. तू लहान होतास. तेव्हा १८९४ चा भूसंपादनाचा कायदा होता. सरकारनं ठरवलेला भाव पटला नाही तर कलम १८ खाली अर्ज करायचा, निवाड्याला हजर असलास तर सहा आठवड्यांत. खेड्यातल्या माणसाला घर हलवू की अर्ज लिहू? बहुतेकांची मुदत गेली. मग कलम २८-अ. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला कोर्टानं भाव वाढवून दिला, तर ज्यानं कलम १८ लावलं नव्हतं त्यालाही तोच भाव मागता यायचा, पण निकालापासून तीन महिन्यांत. आबा असा एखादा निकाल लागला की लुना काढायचे. जे त्यांचे पक्षकार नव्हते त्यांच्याही दारात जाऊन तारीख सांगायचे, तीन महिने मोजून. फी नाही. फार तर तुरीचं पोतं.

बाळूकाका, ८:५५
त्या तुरीची डाळ आपल्या घरात दोन वर्षं पुरली. माणूस हिऱ्यासारखा होता 🙏 किती पानं ते सांगा.

नंदाआत्या, ९:१०
प्रशांत, बरोबर सांगितलं. कैवारी लिहा, माझं काही म्हणणं नाही. पण ते वत्सल का वस्तल लिहायच्या आधी मले विचारा.

बाळूकाका, ९:११
नंदे, सकाळी सकाळी नको.

नंदाआत्या, ९:२४
सकाळीच. १९९४ मध्ये आपल्या राज्याचा पोरींच्या हिश्श्याचा कायदा आला, तेव्हा मी आबाले विचारलं, मळ्यात माझं काही निघते का. तो म्हणे, २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या पोरी त्यात नाहीत, तुझं ८८ सालचं, तू बसत नाहीस. मी म्हटलं बरं. मग २००५ मध्ये दिल्लीचा कायदा बदलला. त्या भाऊबीजेले ओवाळणीचं ताट समोर असतानाच आबा बोलला, नंदे, आता तू बसतेस. दुसऱ्या कोण्या भावानं सांगितलं असतं? घरातल्या वकिलानं तर नाहीच.

मनीषा (अकोला), ९:२६
आत्या, हे मला माहीतच नव्हतं.

बाळूकाका, ९:३०
जुनं काहाले उकरून राह्यली. हक्कसोडीवर सही तू राजीखुशीनं केली.

नंदाआत्या, ९:३३
आईच्या तोंडाकडे पाहून केली. आबानं तीनदा विचारलं, नक्की ना? रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर पुन्हा एकदा. तू काय विचारलं? बस किती वाजता आहे.

बाळूकाका, ९:३५
दरसाली संत्र्याचे दोन क्रेट येतात तुया घरी.

नंदाआत्या, ९:३६
आबा पाठवत होता. आंबिया बहार संपला, मृग बहारही तोडणीले आला. यंदा आले का?

बाळूकाका, ९:४१
हा मेसेज डिलीट केला आहे.

सुनील (पुणे), ९:५८
सगळे शांत झाले वाटतं. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर वाचतो.

पप्पू, ११:२०
भंगारवाल्याला नाही म्हटलं. त्याचं डिझेल माझ्या डोक्यावर. एका फाइलीची फीत सोडली, आतून हे निघालं. फोटो टाकतो आहे. कोर्टाच्या बोर्डाचा कागद, मागच्या कोऱ्या बाजूला आबांची पेन्सिल:

"मोजणीचा नकाशा मागणे. उलटतपास ११. आईचे डोळ्यांचे थेंब. मनीची बस ४:१०, स्टँडवर आधी पोचणे. नंदीच्या सासूचे जोडे, ५ नंबर."

मनीषा (अकोला), ११:२२
😭 ४:१० ची अमरावती गाडी. दर शनिवारी उभे असायचे. काळा कोट काखेत, टाय खिशात.

नंदाआत्या, ११:२५
ते जोडे चावले सासूले. पण मरेपर्यंत घातले.

सुनील (पुणे), ११:२७
माझं नाव कुठंच नाही वाटतं 😄

पप्पू, ११:२८
आहे, सगळ्यात खाली. "सुन्याचा निकाल. आज ओरडायचं नाही." खाली दोन रेघा मारल्या आहेत.

सुनील (पुणे), ११:४०
सातवीचा असेल. नापास होतो गणितात. ओरडले नव्हते. जेवताना मलाच अप्पर वर्ध्याच्या एकरांचा हिशेब घातला.

बाळूकाका, १२:०२
रविवारी जेवणाले किती पानं?

पप्पू, १२:१५
मोठी आई सांगून राहिली, मी टाइप करतो: "फाइली आतल्या खोलीत उंचावर ठेवा. खाली विटा अन् कडुनिंबाचा पाला. यंदा चार जण कागदासाठी येऊन गेले, एक म्हातारा वरुडच्या पुढून, दोन बसा बदलून. मी वही केली आहे. ज्याचा कागद त्यानं सही करून न्यावा, अंगठा चालतो. पाहुणे माझ्या खोलीत झोपतील, मी देवघरात. फ्लेक्स लावायचा नाही. फोटोले हार पुरे."

पप्पू, १२:१६
फ्लेक्सचे पाचशे रुपये अॅडव्हान्स गेले. असो.

प्रशांत (नागपूर), १:४०
मोठ्या आईची वही पाहिली पाहिजे. मी शनिवारी रात्रीच येतो, यादी करून टाकू. आम्ही तीन.

मनीषा (अकोला), १:४३
आम्ही चार.

नंदाआत्या, २:०५
माझी चार पानं धर बाळू. भात कमी टाकायले सांगजो, मागच्या वेळी वाया गेला.

बाळूकाका, २:११
चार लिहिले. येताना गाडीच्या डिकीत जागा ठेवजो, दोन क्रेट हायेत मृगाचे. तोडणी शनिवारी आहे, ताजे निघतील.

नंदाआत्या, २:३०
बरं.

बाळूकाका, २:३१
सुनील, तुये किती?